झाडाची शिडी कशी झाली

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डेटन नावाचं एक छोटं गाव आहे. १९२५ साली तिथल्या रॉबिन्सनच्या दुकानात औषधं, सोडावॉटर आणि शाळेची क्रमिक पुस्तकं असं सगळं एकाच छताखाली मिळायचं. हा रॉबिन्सन गावच्या शाळा मंडळाचा अध्यक्षही होता. त्या वर्षी मार्चमध्ये राज्याने एक कायदा केला: माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला, असं सरकारी शाळेत शिकवायचं नाही. एका नागरी हक्क संघटनेने पेपरात जाहिरात दिली की, या कायद्याला आव्हान देणारा शिक्षक मिळाला तर खटल्याचा खर्च आम्ही करू. गावातल्या काही मंडळींना वाटलं, ही तर संधीच आहे. कारखाने बंद पडत होते, लोक गाव सोडून चालले होते. खटला झाला तर निदान गावाचं नाव तरी होईल.

मग दुकानातल्या टेबलाभोवती बैठक बसली आणि २४ वर्षांच्या जॉन स्कोप्स या शिक्षकाला बोलावणं गेलं. स्कोप्सने दुकानातल्याच फळीवरून जीवशास्त्राचं पुस्तक काढलं आणि म्हणाला की, उत्क्रांती टाळून हा विषय शिकवताच येणार नाही. गंमत बघा, हे पुस्तक राज्य सरकारनेच लावलेलं होतं. जे शिकवलं तर गुन्हा, तेच सरकारमान्य पुस्तकात छापलेलं.

पुढचं नाट्य जगप्रसिद्ध आहे. जुलैचा उकाडा, रस्त्यावर माकडांचे खेळ, शिकागोच्या रेडिओवरून थेट प्रक्षेपण. सरकारच्या बाजूने तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तर स्कोप्सच्या बाजूने नामांकित वकील क्लेरन्स डॅरो. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला आणि दीड वर्षाने तो तांत्रिक मुद्द्यावर रद्दही झाला. कायदा मात्र १९६७ पर्यंत जिवंत राहिला.

आपल्याला हा खटला माहीत असतो तो 'विज्ञान विरुद्ध धर्म' या सामन्याचा एक डाव म्हणून. आपल्याकडेही २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. कोविडनंतर विद्यार्थ्यांवरचा भार कमी करायचा, असं कारण दिलं गेलं. १८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या, आणि ते योग्यच होतं. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलामुलींची तिच्याशी गाठच पडत नाही. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा होता.

पण 'शिकवायचं की नाही' या भांडणात दुसरा एक प्रश्न दबून जातो. जिथे उत्क्रांती शिकवली गेली, तिथे तिच्या नावाखाली नेमकं काय शिकवलं गेलं? त्यासाठी रॉबिन्सनच्या फळीवरचं ते पुस्तक पुन्हा उघडावं लागेल.

पुस्तकाचं नाव 'अ सिव्हिक बायॉलॉजी', साल १९१४, लेखक जॉर्ज विल्यम हंटर. नावावरूनच कळतं की, नुसतं जीवशास्त्र शिकवणं हा त्याचा उद्देश नव्हता, चांगला नागरिक घडवणं हा होता. त्यात स्वच्छ पाणी, लसीकरण, अन्नातली भेसळ यांवर चांगला मजकूर आहे. उत्क्रांतीची काही पानं आहेत. त्यांच्या शेवटी माणसाच्या पाच वंशांची यादी येते आणि युरोप-अमेरिकेतले गोरे लोक त्यात सर्वांत वरचे ठरवले जातात. पुढे सुप्रजननशास्त्र म्हणजे युजेनिक्स येतं. गुन्हेगारी, दारू, मंदबुद्धी हे सगळं रक्तातून पुढे जातं, अशी घराणी समाजावरची बांडगुळं आहेत, असं हे पुस्तक शाळकरी पोरांना सांगतं. ही माणसं जनावरं असती तर मारून टाकता आली असती, पण माणुसकी आड येते, म्हणून त्यांना संस्थांमध्ये डांबून बायका-पुरुषांना वेगळं ठेवावं आणि त्यांची लग्नं होऊ देऊ नयेत, हा उपायही सुचवतं.

डेटनच्या खटल्यातला आरोप या पानांबद्दल नव्हता. ती शिकवायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नव्हती.

ब्रायनना मात्र या वाटेचा धोका थोडा दिसला होता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. डॅरोंनी समारोपाचं भाषण सोडून दिल्यामुळे ब्रायनना आपलं भाषण करताच आलं नाही. ते नंतर छापलं गेलं. त्यात त्यांनी डार्विनच्या १८७१ च्या 'डिसेंट ऑफ मॅन'मधल्या नेमक्या त्या उताऱ्यावर बोट ठेवलं होतं, जिथे डार्विन म्हणतो की, सुधारलेला समाज दुबळ्यांना औषधपाणी करून जगवतो आणि त्याचा वंशावर वाईट परिणाम होतो. ज्यांना आपण या गोष्टीतले प्रतिगामी म्हणून ओळखतो, त्यांना ती पानं खटकली होती. त्याच काळातल्या अनेक पुरोगाम्यांना खटकली नव्हती.

मग दोष डार्विनचा का? थोडा आहे. त्याच उताऱ्यात तो लगेच म्हणतो की, दुबळ्यांना मुद्दाम वाऱ्यावर सोडलं तर आपल्या स्वभावातला सर्वांत उदात्त भागच खालावेल. पण तेवढ्याने आधीचं वाक्य पुसलं जात नाही. तरीही त्याच्या १८५९ च्या मुख्य ग्रंथातला विचार वेगळ्याच दिशेचा होता. त्या अख्ख्या ग्रंथात एकच आकृती आहे: फांद्या फुटत जाणारा वृक्ष. त्यात वर-खाली नाही. आजचं माकड हे आपले पणजोबा नाही, ते लांबचं चुलत भावंड आहे. जीवाणूही आपल्याइतकीच वर्षं उत्क्रांत होत आलेत. कोण 'लायक' हे त्या त्या वेळच्या परिस्थितीवर ठरतं, आणि परिस्थिती बदलली की उत्तरही बदलतं.

हे झाड लोकांना पचलं नाही, कारण डोक्यात आधीपासून शिडी होती. खाली दगड, मग वनस्पती, मग जनावरं, वर माणूस, त्यातही वरच्या पायरीवर अमुक माणूस. माकडापासून एका ओळीत चालत ताठ होत जाणाऱ्या माणसाचं ते चित्र तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेलं असेल, शेवटी मोबाईलवर वाकलेला माणूस दाखवणाऱ्या मीमसकट. त्याचं मूळ रूप १९६५ च्या एका लोकप्रिय अमेरिकन पुस्तकात रुडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने काढलं होतं. डार्विनच्या आकृतीपेक्षा तेच जगभर जास्त पोचलं. ते झाड नव्हे, शिडी आहे.

झाडाची शिडी करण्यात दोन इंग्रजांचा हात मोठा. पहिला हर्बर्ट स्पेन्सर. 'सर्वांत लायक तो टिकतो' हे वचन लोक डार्विनच्या नावावर खपवतात, पण ते १८६४ साली लिहिलं स्पेन्सरने. डार्विनने ते नंतर उसनं घेतलं. मराठीत त्याचं भाषांतर 'बळी तो कान पिळी' असं झालं की अनर्थ पुरा होतो. गंमत अशी की, शिक्षणाबद्दल स्पेन्सरने फार चांगलं लिहिलंय. १८६१ च्या पुस्तकात त्याने विचारलं की, सर्वांत मोलाचं ज्ञान कोणतं, आणि उत्तर दिलं विज्ञान. मुलाला सांगू नका, त्याला शोधू द्या, घोकंपट्टी आणि मार बंद करा, असा त्याचा आग्रह होता. आपल्याकडे आगरकरांच्या पिढीने मिल आणि स्पेन्सर यांना गुरुस्थानी मानलं. रूढी म्हणजे देवाची आज्ञा नव्हे, समाज बदलत आलाय आणि बदलू शकतो, हे बळ त्यांना तिथून मिळालं. एकाच माणसाच्या लिखाणातून आगरकरांनी सुधारणा घेतली आणि अमेरिकन गिरणीमालकांनी गरिबांना मदत न करण्याचं निमित्त.

दुसरा फ्रान्सिस गाल्टन, डार्विनचा सावत्र नात्याने आतेभाऊ लागणारा. त्याला मोजण्याचं वेड होतं. १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात त्याने एक प्रयोगशाळा थाटली. तीन पेन्स द्यायचे आणि उंची, नजर, पकडीची ताकद, प्रतिक्रियेचा वेग मोजून घ्यायचा. ९००० हून जास्त लोकांनी पदरचे पैसे देऊन स्वतःला मोजून घेतलं! (स्मार्टवॉच मनगटावर बांधणाऱ्या आपण त्यांना हसू नये.) याच गाल्टनने १८८३ साली 'युजेनिक्स' हा शब्द घडवला. प्रतिभा घराण्यातून येते, म्हणून चांगल्या घराण्यांनी जास्त मुलं जन्माला घालावीत आणि वाईटांनी कमी, हा त्याचा सिद्धांत. श्रीमंत घरातल्या मुलाला पुस्तकं, ओळखी आणि निवांतपणाही वारसाहक्काने मिळतो, हे त्याने फारसं मनावर घेतलं नाही.

इथे एक धागा आपल्यापर्यंत येतो. लंडनमध्ये इंडिया हाउस सुरू करणारे, जिथे पुढे सावरकर राहिले, ते श्यामजी कृष्णवर्मा स्पेन्सरचे निस्सीम भक्त होते. स्पेन्सर वारल्यावर त्यांनी ऑक्सफर्डला १००० पौंड दिले आणि स्पेन्सरच्या नावे व्याख्यानं सुरू झाली. १९०७ चं व्याख्यान दिलं गाल्टनने, आणि विषय होता युजेनिक्सचा संख्याशास्त्रीय पाया. साम्राज्याशी लढणाऱ्या भारतीयाने दिलेल्या पैशांवर उभ्या व्यासपीठावरून माणसांची प्रतवारी करणाऱ्या शास्त्राची भलामण झाली.

गाल्टनकडे कल्पना होती, पण बुद्धी मोजायचं चालेल असं यंत्र नव्हतं. ते पॅरिसमधून आलं, आणि अगदी वेगळ्या हेतूने. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालं होतं, वर्गात काही मुलं मागे पडत होती आणि त्यांना ओळखून मदत द्यायची होती. १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी ३० छोट्या कृतींची चाचणी तयार केली. जळत्या काडीकडे डोळे फिरवणं, आकडे ऐकून परत म्हणणं, चित्रातल्या वस्तूंची नावं सांगणं, अशी. बुद्धी म्हणजे जन्माची ठरलेली रक्कम आहे, असं मानणाऱ्यांचा बिनेला राग होता. शरीराला व्यायाम असतो तसा बुद्धीलाही असतो, असं तो म्हणायचा आणि तसे व्यायाम त्याने बसवलेही. त्याच्या दृष्टीने चाचणी म्हणजे थर्मामीटर. ताप किती ते कळतं, म्हणून आपण रुग्णाला जन्मभरासाठी 'तापट जातीचा' म्हणत नाही.

बिने १९११ साली वारला, आणि चाचणी तोवर अटलांटिक ओलांडून गेली होती. न्यू जर्सीत हेन्री गॉडार्डने तिचं भाषांतर केलं. तो गाल्टनच्या पठडीतला. आज आपण कमेंटमध्ये सहज टाकतो तो 'मोरॉन' हा शब्द त्यानेच १९१० साली ग्रीकमधून घडवला, शास्त्रीय वर्गवारी म्हणून. दिसायला चारचौघांसारखा, पण चाचणीत कमी पडणारा, असा त्याचा अर्थ. १९१६ साली स्टॅनफर्डच्या लुइस टर्मनने चाचणीला आपण ओळखतो ते आयक्यूचं रूप दिलं. पहिल्या महायुद्धात सुमारे १७.५ लाख सैनिकांना सामूहिक चाचण्या दिल्या गेल्या. त्यातले प्रश्न काय? एका कंपनीचं वनस्पती तूप हे औषध आहे, टूथपेस्ट आहे की खाद्यपदार्थ? अमुक माणूस लेखक आहे की बेसबॉल खेळाडू? निरक्षरांना चित्रं दिली होती: टेनिस कोर्टावर काय नाही ते काढा. सिसिलीच्या खेड्यातून दोन वर्षांपूर्वी आलेल्या शेतमजुराने टेनिसचं जाळं कुठे पाहिलेलं असणार? तो नापास झाला, आणि निष्कर्ष निघाला की, दक्षिण आणि पूर्व युरोपातले लोक जन्मतःच कमी बुद्धीचे. मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगमने १९२३ साली हे पुस्तकरूपाने मांडलं. १९२४ साली त्या भागातल्या लोकांचं स्थलांतर जवळपास रोखणारा कायदा झाला. तो काही फक्त या आकड्यांमुळे झाला नाही, पण वातावरण तापवायला ते कामाला आले.

याच ब्रिगमने सैनिकी चाचणीत फेरफार करून कॉलेज प्रवेशासाठी एक परीक्षा बनवली. २३ जून १९२६ रोजी सुमारे ८००० विद्यार्थ्यांनी ती दिली. ती परीक्षा म्हणजे एसएटी. अमेरिकेला जाणारे आपले मित्रमैत्रिणी आजही ती देतात. आणि १९३० साली ब्रिगमनेच जाहीरपणे लिहिलं की, आपले वंशांबद्दलचे निष्कर्ष बिनबुडाचे होते. निष्कर्ष मागे घेतले गेले, परीक्षा राहिली.

आपल्या स्पर्धा परीक्षांचं घराणं वेगळं आहे. त्या सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेतून आल्या, बिनेकडून नाही. पण निकाल लागल्यावर आपण आकडा ज्या पद्धतीने वाचतो, ती पद्धत गाल्टनचीच आहे. 'त्याला ९९ पर्सेंटाइल' हे वाक्य 'त्याने काय शिकलं' याबद्दल न राहता 'तो काय आहे' याबद्दल होतं. 'पोरगं मूळचंच हुशार', 'घराणंच तसं', 'आमच्यात गणित नाही', ही वाक्यं ऐकल्याशिवाय कुणाचं शालेय आयुष्य सरलं असेल, असं मला वाटत नाही.

अमेरिकेत मात्र प्रकरण वाक्यांवर थांबलं नाही. व्हर्जिनियातली कॅरी बक ही गरीब मुलगी, आई संस्थेत, म्हणून दुसऱ्यांच्या घरी वाढलेली. शाळेत बरी होती, पण सहावीनंतर घरकामासाठी शाळा सोडवली. त्या घरातल्या एका नातेवाइकाने तिच्यावर बलात्कार केला आणि ती गरोदर राहिली. घरच्यांनी बदनामी टाळायला तिला 'मंदबुद्धी' ठरवून संस्थेत धाडलं. राज्याला नव्या नसबंदी कायद्याची चाचपणी करायची होती. आई मंदबुद्धी, मुलगी मंदबुद्धी, आणि नातही, असं सिद्ध करायचं होतं. नात, म्हणजे व्हिव्हियन, तेव्हा काही महिन्यांची तान्ही होती. तिच्याकडे पाहून एका समाजसेविकेने साक्ष दिली की, मूल काहीसं वेगळं दिसतं. २ मे १९२७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी कॅरीची नसबंदी वैध ठरवली. कॅरीच्या बहिणीचीही झाली. तिला सांगितलं गेलं की, अपेंडिक्स काढलंय. देशभरात अशा ६०,००० हून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. १९३३ साली जर्मनीत नाझींनी कायदा केला, तेव्हा अमेरिकन मसुदा त्यांच्यासमोर होता.

व्हिव्हियन पुढे शाळेत गेली. १९३१ साली चांगल्या गुणांच्या मुलांच्या यादीत तिचं नाव होतं. १९३२ साली, आठव्या वर्षी, ती आजाराने गेली. कॅरी १९८३ पर्यंत जगली. व्हर्जिनियाचा तो कायदा १९७४ साली रद्द झाला, म्हणजे डेटनमधला उत्क्रांतीबंदीचा कायदा गेल्यावर आणखी सात वर्षांनी.

ज्या वर्षी कॅरीचा निकाल लागला, त्याच वर्षी बर्लिनमध्ये मानववंश, आनुवंशिकता आणि युजेनिक्स यांसाठी कैसर विल्हेल्म संस्था सुरू झाली. संचालक ऑयगेन फिशर, आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास करून अशा लग्नांना विरोध करणारा. त्याच्याकडे पुण्याहून एक विशीतली विद्यार्थिनी पीएचडीसाठी आली: इरावती कर्वे. सासरे महर्षी कर्वे हे सून परदेशी जाण्याच्या बाजूचे नव्हते, नवरा दिनकर कर्वे मात्र पाठीशी होता. फिशरची अटकळ होती की, युरोपीय माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जास्त फरक असतो आणि तो त्याच्या वरचढ बुद्धीचा पुरावा आहे. ते सिद्ध करायचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की, या असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. गाइडच्या आवडत्या कल्पनेविरुद्ध प्रबंध लिहिणं काय असतं, हे पीएचडी करणाऱ्या कुणालाही विचारा. इथे तर गाइड फिशर होता, १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झालेला.

आपल्याकडे तोवर जातीच्या समर्थकांना नवं शास्त्र सापडलं होतं: जात म्हणजे आपल्या पूर्वजांचं युजेनिक्स, रक्त शुद्ध ठेवायची योजना. १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि मग भाषण रद्द झाल्यामुळे स्वतः छापलेल्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी याचा समाचार घेतला. त्यांचा एक प्रश्न अगदी साधा आहे. रक्त शुद्ध ठेवायचं म्हणून बेटीबंदी, हे घटकाभर मानू, पण मग रोटीबंदी कशाला? एकत्र जेवल्याने रक्त कसं काय मिसळतं? आणि हे हजारो वर्षांचं युजेनिक्स असेल, तर त्यातून निपजलेल्या समाजातले बहुसंख्य लोक सैन्याच्या शारीरिक कसोटीलाही का उतरत नाहीत? शास्त्राच्या नावाने आलेल्या दाव्याला त्यांनी शास्त्राच्याच कसोटीवर उभं केलं.

इरावतीबाईंनी मोजणं सोडलं नाही. पुण्याला परतल्यावर कॅलिपर आणि टेप घेऊन त्या गावोगाव हिंडल्या, हजारो माणसांची मापं घेतली. मोजण्यानेच इतकं नुकसान झालं असताना त्यांनी तेच हत्यार पुन्हा का उचललं, असा प्रश्न पडतो, आणि त्यांच्या आजच्या अभ्यासकांनाही तो पडलेला आहे. पण त्यांनी त्या आकड्यांना प्रश्न वेगळा विचारला. कोण वर, कोण खाली हे सोडून त्यांनी पाहिलं की, एकाच नावाखाली मोडणारे लोक खरंच एका मुळाचे आहेत का. मापं तसं सांगत नव्हती. महाराष्ट्रात ब्राह्मण म्हणवणारे निरनिराळे गट एकमेकांपेक्षा आपल्या शेजारच्या इतर जातींना जवळचे निघू शकत होते. कुंभारांचंही तेच: नाव एक, धंदा एक, पण कुणाचं चाक थोरलं, कुणाचं धाकटं, आणि दोघांत सोयरीक नाही. एका मूळ जातीचे तुकडे पडत हे गट झाले असं नसून, वेगवेगळ्या मुळांचे गट एका धंद्याच्या नावाखाली शेजारी येऊन बसले, असं त्यांनी १९६१ च्या 'हिंदू सोसायटी' या पुस्तकात मांडलं.